दगड, कागद, कात्री आणि आपल्या पोटातले बॅक्टेरिया

हेडफोन लावलेत ना? मग आजची सुरुवात एका खेळाने करूया. खेळ तुमच्या ओळखीचाच आहे. दगड, कागद, कात्री. आम्ही भावंडं गावाला निघालो की एसटीत खिडकीची सीट कुणाला, हा वाद याच खेळावर मिटायचा. दगड कात्री मोडतो, कात्री कागद कापते आणि कागद दगडाला गुंडाळून टाकतो. तिघांपैकी कुणीच कायमचा जिंकत नाही. म्हणून तर हा खेळ संपत नाही.

आता विचार करा, हाच खेळ बॅक्टेरिया खेळले तर? ही काही माझी कल्पना नाही. 2002 साली बेंजामिन केर, मार्गारेट रायली, मार्कस फेल्डमन आणि ब्रेंडन बोहानन या चार संशोधकांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. त्यांनी बॅक्टेरियांना अक्षरशः दगड, कागद, कात्री खेळायला लावलं आणि निकाल ‘नेचर’ या नियतकालिकात छापला. आज तोच प्रयोग सांगणार आहे. आणि तो नीट समजल्यावर मी आमच्या घरातला औषधांचा डबा उघडून का बसले, हेही शेवटी सांगणार आहे.

भांडण शेजाऱ्याशी

बॅक्टेरिया म्हटलं की आपल्या डोक्यात पहिलं काय येतं? आजार. म्हणजे एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला आपण. पण खरं सांगू का, बहुतेक बॅक्टेरियांना आपल्याशी काही देणंघेणं नसतं. त्यांचं खरं भांडण असतं शेजारच्या बॅक्टेरियाशी. जागा तेवढीच, खायला तेवढंच आणि खाणारी तोंडं कोट्यवधी. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी काय होतं ते आठवा, म्हणजे अंदाज येईल.

या भांडणाचं सगळ्यात साधं उदाहरण रोज रात्री तुमच्या स्वयंपाकघरात घडतं. कोमट दुधात विरजण लावलं की त्यातले बॅक्टेरिया दुधातली साखर खातात आणि लॅक्टिक ॲसिड सोडतात. दूध आंबट होतं. त्या आंबटपणात त्यांचं स्वतःचं भागतं, पण दूध नासवणाऱ्या बऱ्याच बॅक्टेरियांना तो सोसत नाही. म्हणजे आपण ज्याला दही लागलं म्हणतो, ती एका टोळीने दुसऱ्या टोळीला हुसकावून लावल्याची खूण आहे.

पण सगळे इतके सभ्य नसतात. काही जण थेट विष सोडतात.

1925 साली बेल्जियममध्ये आंद्रे ग्राशिया नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की ई. कोलाय या बॅक्टेरियाचा एक वाण दुसऱ्या वाणाला वाढूच देत नाही. ई. कोलाय म्हणजे आपल्या आतड्यात राहणारा नेहमीचा रहिवासी. आणि वाण म्हणजे, जसा तांदूळ एकच पण आंबेमोहर वेगळा आणि इंद्रायणी वेगळा, तसं. इंग्रजीत याला स्ट्रेन म्हणतात. तर या एका वाणाकडे एक विषारी प्रथिन होतं. पुढे त्याला नाव मिळालं कोलिसिन.

असाच एक प्रकार मी स्वतः पाहिलाय. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला आम्ही पेट्री डिशमध्ये अगारवर बॅक्टेरिया पसरायचो. दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटरमधून डिश काढली की सगळीकडे दुधट थर आलेला असायचा आणि विषारी ठिपक्याभोवती मात्र एक स्वच्छ, पारदर्शक कडं. त्या कड्यात कुणीच जगलेलं नसायचं. आम्ही पट्टी लावून त्याचा व्यास मोजायचो, जर्नलमध्ये लिहायचो, सही घ्यायचो आणि कँटीनला पळायचो. ते कडं म्हणजे नक्की काय, हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही. बरीच वर्षं लागली त्याला.

स्वतः फुटून मरायचं, ते कशासाठी?

कोलिसिनची सगळ्यात विचित्र गोष्ट ऐका. हे विष पेशीच्या आत तयार होतं. ते बाहेर कसं येतं? पेशी फुटते. म्हणजे विष सोडणारा बॅक्टेरिया स्वतः मरतो! बाहेर पडलेलं विष आजूबाजूच्या परक्या पेशींना मारतं. त्याच्या भाऊबंदांना मात्र काही होत नाही, कारण त्या विषावरचा उतारा त्यांच्या पेशीत आधीच असतो. एका वेळी वस्तीतल्या थोड्याच पेशी अशा फुटतात, बाकीच्या जगतात.

आता प्रश्न असा की मेलेल्याला काय मिळालं? आणि असा आत्मघातकी स्वभाव निसर्गात टिकला तरी कसा?

याचं छान उत्तर 1981 साली लिन चाओ आणि ब्रूस लेविन या दोघांनी दिलं. त्यांनी कोलिसिन सोडणारे आणि त्या विषाने मरणारे बॅक्टेरिया एकत्र वाढवले. एकदा पातळ द्रवात आणि एकदा मऊ अगारमध्ये, जिथे पेशी जागच्या हलत नाहीत आणि प्रत्येकीची आपापली वसाहत तयार होते.

द्रवात काय झालं? विष सोडणारे सुरुवातीला थोडे असतील तर ते हरले. कारण एक पेशी फुटली, शेजारचे मेले, अन्न मोकळं झालं, पण द्रवात ते अन्न सगळीकडे पसरलं. फायदा सगळ्यांना आणि तोटा मात्र एकाच घराचा. अगारमध्ये उलटं झालं. तिथे विष सोडणारे अगदी थोडे असले तरी जिंकले. कारण मोकळी झालेली जागा आणि अन्न त्यांच्याच भाऊबंदांना मिळालं. तेच तर शेजारी होते!

ही गोष्ट डोक्यात पक्की करा, पुढे लागणार आहे. बॅक्टेरिया तेच, विष तेच. फक्त जागा बदलली आणि जिंकणारा बदलला.

तीन खेळाडू

आता येऊया 2002 च्या प्रयोगाकडे. इथे दोन नाही, तीन खेळाडू आहेत. तिन्ही ई. कोलाय, पण वाण वेगळे. आपण त्यांना सोपी नावं देऊ.

पहिला विषारी. हा कोलिसिन सोडतो. पण विष आणि उतारा दोन्ही बाळगायचे, शिवाय काही पेशी गमवायच्या, याला खर्च येतो. त्यामुळे तो हळू वाढतो.

दुसरा साधा. याच्याकडे विष नाही, उतारा नाही, काहीच नाही. विष आलं की मरतो. पण अंगावर कसलंच ओझं नसल्यामुळे तिघांत सगळ्यात वेगाने वाढतो.

तिसरा चिवट. हा विष सोडत नाही, पण विषाला दादही देत नाही. कोलिसिन आत शिरतं ते पेशीच्या बाहेरच्या आवरणावरच्या काही प्रथिनांच्या दारातून. चिवटाने ते दारच बदलून टाकलेलं असतं. पण मंडळी, त्याच दारातून अन्नपाणीही आत येतं ना! म्हणून हा साध्यापेक्षा हळू वाढतो. तरी विषारीपेक्षा वेगात, कारण विष बनवायचा खर्च त्याला नाही.

लावा आता हिशोब. विषारी साध्याला मारतो. साधा वेगाने वाढून चिवटाला मागे टाकतो. आणि चिवट विषारीला मागे टाकतो. झाला की नाही दगड, कागद, कात्री?

संशोधकांनी हे तिघे तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवले. पहिलं ठिकाण म्हणजे द्रवाने भरलेला आणि सतत हलणारा फ्लास्क. दुसरं म्हणजे अगारची डिश. रोज नव्या डिशवर बॅक्टेरिया न्यायचे, पण जो जिथे आहे तो तिथेच राहील अशा बेताने. त्यासाठी ते निर्जंतुक केलेलं मखमलीचं कापड वापरायचे. जुन्या डिशवर कापड दाबायचं आणि मग नव्या डिशवर दाबायचं, ठसा उमटवल्यासारखं. तिसरं ठिकाणही डिशच, पण तिथे दर वेळी ठसा मुद्दाम विस्कटून टाकायचा.

निकाल काय लागला असेल? एक क्षण थांबा आणि अंदाज करा.

फ्लास्कमध्ये खेळ लवकर संपला. आधी विषारीने साध्याला संपवलं. मग उरले दोघं, विषारी आणि चिवट. चिवट विषारीपेक्षा वेगाने वाढतो, त्यामुळे विषारीही संपला. शेवटी राहिला एकटा चिवट. विस्कटलेल्या डिशवरही तेच. पण जिथे शेजार टिकवला होता त्या डिशवर प्रयोग संपेपर्यंत तिघंही जिवंत होते!

का? कारण फ्लास्कमध्ये प्रत्येकाची गाठ प्रत्येकाशी पडते. विष सगळीकडे पोचतं. साध्याला लपायला कोपरा नाही. डिशवर मात्र भांडण फक्त सीमेवर होतं. इकडे विषारी साध्याच्या हद्दीत सरकतोय, तिकडे साधा चिवटाला ढकलतोय आणि पलीकडे चिवट विषारीची जागा घेतोय. वस्त्या सरकत राहतात, पण संपत कुणीच नाही.

आणि इथे साध्याचं महत्त्व बघा. बिचारा, ना शस्त्र ना चिलखत. पण चिवटाला आवरणारा तोच एकटा आहे. साधा गेला की चिवटाला अडवणारं कुणी उरत नाही.

हे सगळं काचेच्या डिशमधलं झालं. खऱ्या आतड्यात असं होतं का? 2004 साली बेंजामिन कर्कप आणि मार्गारेट रायली यांनी उंदरांच्या आतड्यात असेच वाण सोडून पाहिले. तिथेही एकाची जागा दुसरा घेतो, ती याच खेळाच्या क्रमाने, असं त्यांना दिसलं.

मेलेल्याच्या खिशातलंही घ्यायचं

आणि शस्त्र म्हणजे फक्त विष नाही बरं का. कॉलऱ्याचा बॅक्टेरिया चक्क भाला मारतो. 2006 साली हार्वर्डमधल्या जॉन मेकॅलॅनोस यांच्या प्रयोगशाळेने या शस्त्राचा शोध लावला. पेशीच्या आत एक लांब नळी असते. तिच्याभोवतीचं आवरण झटक्यात आकसतं आणि टोकाला विष लावलेली नळी शेजारच्या पेशीत घुसते. पुढे 2012 साली हे आकसणं जिवंत पेशीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहताही आलं. भाला लांब जात नाही, अगदी खेटून असलेल्यालाच लागतो. म्हणजे इथेही प्रश्न तोच, शेजारी कोण?

समुद्रात हा कॉलऱ्याचा बॅक्टेरिया कायटिनवर वस्ती करतो. कायटिन म्हणजे खेकड्याच्या, कोळंबीच्या कवचात असतं ते. 2015 साली स्वित्झर्लंडमधल्या मेलनी ब्लोकेश यांच्या गटाने दाखवलं की कायटिनवर वाढताना हा बॅक्टेरिया शेजाऱ्याला भाल्याने मारतो आणि मेलेल्याच्या पेशीतून सांडलेला डीएनए स्वतःच्या आत ओढून घेतो. त्या डीएनएत औषधाला दाद न देण्याचा गुण असेल तर तोही त्याला मिळू शकतो. शेजाऱ्याला मारायचं आणि वर त्याचा खिसाही चाचपायचा!

आता माझा डबा

गेल्या पावसाळ्यात मला सर्दी झाली. घसा दुखत होता, अंग कसकसत होतं. आमच्या घरी कपाटात स्टीलचा एक डबा आहे, औषधांचा. तुमच्याकडेही असेल. त्यात कुणाच्या तरी जुन्या दुखण्यातली अर्धी पट्टी पडलेली होती. अँटिबायोटिकची. मी डॉक्टरला न विचारता दोन दिवसांत तीन गोळ्या घेतल्या. बरं वाटायला लागलं, मग सोडून दिल्या. मायक्रोबायोलॉजीत मार्क मिळवलेल्या मुलीने हे केलं, हे मुद्दाम सांगतेय.

साधी सर्दी व्हायरसमुळे होते. अँटिबायोटिक व्हायरसला काहीही करत नाही. मला बरं वाटलं ते चार दिवस उलटले म्हणून. मग त्या तीन गोळ्यांनी केलं काय? त्या पोटात गेल्या आणि तिथल्या साध्या बॅक्टेरियांवर जाऊन पडल्या.

आता तो फ्लास्क आठवा. विष सगळीकडे पोचतं, साध्याला लपायला कोपरा मिळत नाही. गोळी नेमकं हेच करते. फक्त इथे विष बॅक्टेरियाने सोडलेलं नसतं, मी गिळलेलं असतं. त्या प्रयोगात औषधाच्या गोळ्या नव्हत्या, ही जोडणी मी करतेय. पण तर्क तोच आहे. औषधाने मरणारे मेले की औषधाला दाद न देणाऱ्यांना मैदान मोकळं. औषध थांबल्यावर साधे पुन्हा वाढून त्यांना मागे रेटू शकतात. पण त्यासाठी साधे शिल्लक तरी हवेत! आणि दर वेळी ते जिंकतीलच याची खात्री नाही. कारण काही चिवटांना चिवटपणाची किंमत फार मोजावी लागत नाही आणि काही जण पुढच्या बदलांनी ती किंमत कमीही करून घेतात.

हे नुसतं तर्काचं नाही. क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल नावाचा एक बॅक्टेरिया आहे. डॉक्टर लोक त्याला नुसतं सी. डिफ म्हणतात. पोटातले बाकीचे रहिवासी जागेवर असतील तर त्याचं फारसं चालत नाही. पण अँटिबायोटिकने शेजार उद्ध्वस्त झाला की तो माजतो. जबरदस्त जुलाब होतात, माणूस दगावूही शकतो. आणि तो पुन्हा पुन्हा उलटतो.

अशा पुन्हा पुन्हा आजारी पडणाऱ्या रुग्णांवर नेदरलँड्समध्ये एक चाचणी झाली. तिचे निकाल 2013 साली आले. उपचार ऐकून नाक मुरडाल, पण ऐका. निरोगी माणसाच्या विष्ठेचं द्रावण नळीवाटे रुग्णाच्या आतड्यात सोडलं. म्हणजे काय केलं? शेजार परत वसवला. 16 पैकी 13 जण पहिल्याच वेळी बरे झाले. उरलेल्या तिघांना दुसऱ्यांदा दिलं, त्यातले 2 बरे झाले. नुसतं व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक दिलेल्या 13 जणांपैकी बरे झाले फक्त 4. फरक इतका मोठा होता की चाचणी ठरलेल्या वेळेआधीच थांबवली.

लक्षात घ्या, इथे शत्रूला आणखी कडक विष घालून नव्हे, तर त्याच्याशी जागेसाठी भांडणारे परत आणून हरवलं.

मला वाटतं, आजची खरी गोष्ट हीच आहे. आपण अँटिबायोटिकचा विचार करताना दोनच पात्रं धरतो, जंतू आणि औषध. पण मैदानात तिसरा खेळाडू असतो. साधा. औषधाने सहज मरणारा, बिनशस्त्राचा. तो आपला पहारेकरी आहे आणि आपण विनाकारण गोळी घेतली की पहिला बळी त्याचा जातो.

आता कुणी याचा अर्थ ‘अँटिबायोटिक वाईट’ असा काढू नका हं! न्यूमोनिया झाला, रक्तात संसर्ग पसरला, तर हीच औषधं जीव वाचवतात. डॉक्टरांनी दिली तर घ्यायची, किती दिवस तेही त्यांनाच विचारायचं आणि मनाने मध्येच सोडायची नाहीत. माझं म्हणणं फक्त डब्यातल्या गोळ्यांबद्दल आहे. आणि मेडिकलवाल्याला ‘दादा, घशासाठी काहीतरी स्ट्राँग द्या’ म्हणून घेतलेल्या गोळ्यांबद्दल.

एक सोपी खूण सांगते. गोळ्यांची पट्टी उलटी करून बघा. कडेला उभी लाल रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. 2016 साली केंद्र सरकारने या लाल रेघेची मोहीमही चालवली होती. बऱ्याच जणांनी ती रेघ रोज पाहिलेली असते, अर्थ माहीत नसतो.

मी गेल्या रविवारी डबा घेऊन बसले. लाल रेघेच्या तीन अर्ध्या पट्ट्या निघाल्या. मी त्या बाजूला काढायला लागले तर आई म्हणाली, “अगं, कशाला काढतेस? अजून एक्स्पायरी व्हायचीय त्यांची!” मग तिला दगड, कागद, कात्री सांगितलं. ती ऐकत होती, पण दही लावायची वेळ झाली म्हणून उठली. जाता जाता म्हणाली, “म्हणजे विरजण जपायचं असतं, तसंच झालं की हे.”

मी इतका वेळ जे सांगत होते, ते तिने एका वाक्यात आटपलं.

तर मंडळी, आज एवढंच. घरातला डबा उघडा, पट्ट्या उलट्या करून बघा आणि किती लाल रेघा निघाल्या ते मला मेसेज करून सांगा. आणि ज्यांच्या घरी डब्याचा ताबा आईकडे किंवा आजीकडे आहे, त्यांनी हा भाग त्यांच्याबरोबर बसून ऐका. पुढच्या भागात भेटूच. तोवर काळजी घ्या, आणि तुमच्या पोटातल्या त्या साध्या लोकांचीही घ्या!